सध्या काय वाची राह्यना भो? पुस्तकांची अदलाबदल सुरू कशी करायची आणि चालू कशी ठेवायची

गेली पाच वर्षं मी अमळनेर-जळगाव अपडाऊन करतेय आणि त्यातली साडेतीन वर्षं आमच्या डब्यात पुस्तकांची अदलाबदल चालू आहे. सुरुवातीला आम्ही चारच जण होतो, मी, बँकेतले एक दादा, धरणगावहून चढणारी नर्सिंगची एक मुलगी आणि रिटायर होत आलेले एक सर. आता नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ अशी ती सुरत-भुसावळ लाइन जिथून जिथून जाते तिथले मिळून बावीस जण झालोत, आणि शिवाय धुळ्याचे दोघं आहेत ज्यांच्याकडे पुस्तक एसटीने जातं. आमच्याकडे जास्त करून फँटसी आणि कथा-कादंबऱ्या फिरतात. बऱ्याच जणांनी विचारलं की आमच्याकडे पण असं करायचंय, काय काय लागतं, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढतेय. लांब होईल पण मधलं गाळून वाचू नका, विशेषतः मालिकांचं आणि वहीचं.

आधी प्रश्न बदला

सगळ्यात पहिली गोष्ट ही. "एखादं चांगलं पुस्तक सुचव ना" असं कोणाला विचारूच नका. हा प्रश्न कानावर पडला की समोरचा माणूस दडपणात येतो, आपण सुचवलेलं याला आवडलं नाही तर काय, असं त्याच्या मनात येतं आणि मग तो सगळ्यांना माहीत असलेलं, कोणी नाव ठेवणार नाही असं एखादं नाव सांगून मोकळा होतो. आमच्या भागात तर नव्वद टक्के वेळा उत्तर 'कोसला' येतं, कारण नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि पुस्तक १९६३ पासून आजपर्यंत वाचलं जातंय ते काही उगाच नाही, मी स्वतः तीनदा वाचलंय. पण ज्या पोराला ड्रॅगन आणि जादूगार हवे होते त्याच्या हातात ते गेलं की तो वीस पानांत थांबतो आणि वर आणखी त्याला वाटतं की आपल्याला वाचनाची आवडच नाही. त्यात पुस्तकाचं पण नुकसान आणि पोराचं पण.

त्यापेक्षा विचारायचं, सध्या काय वाचताय? आमच्या डब्यात हे अहिराणीत विचारलं जातं, "काय वाची राह्यना भो?" याला खरं उत्तर येतं. माणूस पिशवीतून पुस्तक काढून दाखवतो, कुठे खूण ठेवलीय ते दाखवतो, म्हणतो अगं कालपासून हा मनुष्य किल्ल्यात अडकलाय आणि मला ऑफिसात काम सुचत नाहीये. हे जे "सुचत नाहीये" आहे ना, ते पुस्तक संपल्यावर राहत नाही. संपल्यावर माणूस निकाल देतो, छान आहे, बरं आहे, ठीक आहे, आणि "छान आहे" ऐकून आजवर कोणी माझ्याकडून पुस्तक नेलेलं मला आठवत नाही. अर्ध्यात असताना जो सांगतो त्याच्याकडून मात्र लोक पुस्तक जवळजवळ ओढून घेतात, तो म्हणतो थांबा अजून माझंच झालं नाही, आणि तिथेच पुढचा नंबर लागतो. म्हणून आमच्याकडे नियमच आहे, आपण ज्या पुस्तकात आत्ता आहोत त्याबद्दलच बोलायचं. वाचून झालेल्यांबद्दल बोलायला महिन्यातून एकदा आपण भेटतोच.

सांगायचं कसं

तीन गोष्टी सांगा, बाकी काही सांगितलं नाही तरी चालतं.

पहिली, कोण आहे आणि त्याच्यावर काय वेळ आलीय. लेखकाला कुठलं बक्षीस मिळालं, पुस्तक कितव्या आवृत्तीत आहे, मागच्या पानावर काय छापलंय हे सगळं राहू द्या. दुसरी, तुम्ही कितव्या पानावर आहात आणि तिथपर्यंत पोचायला जड गेलं का सोपं. तिसरी, हे कोणाला आवडणार नाही. ही तिसरी सगळ्यात कामाची आणि लोक नेमकी हीच खातात. मी नारायण धारपांचं पुस्तक कोणाला देते तेव्हा आधीच सांगते की बाबा भीती इथे हळूहळू चढते, एखाद्या साध्या घरातल्या साध्या माणसांपासून सुरू होतं, पहिल्याच पानावर भूत पाहिजे असेल तर नको नेऊस. हे ऐकून जो नेतो तो पूर्ण वाचतो. आणि जो नेत नाही त्याचा पण विश्वास बसतो की ही बाई आपल्या गळ्यात काही मारत नाही, पुढच्या वेळी तोच आपणहून येतो.

जाड फँटसीचं सांगताना नावांबद्दल आधी सांगून ठेवा. पहिल्या शंभर पानांत इतकी माणसं, इतकी गावं, इतकी घराणी येतात की वाचणारा घाबरतो. मी सांगते, नवीन सून घरात आली की पहिल्या दिवशी तिला काही कळत नाही, कोण आत्या, कोण मावससासू, कोणाला वाकून नमस्कार करायचा, पण चौथ्या दिवशी तिला न सांगता सगळं माहीत असतं, तसंच आहे हे, तू लक्षात ठेवायचा प्रयत्नच करू नकोस, फक्त वाचत जा. ज्यांना हे सांगितलं ते टिकले, ज्यांना सांगायचं राहिलं ते पन्नाशीच्या पानावर थांबले, हे माझ्या वहीतच आहे.

आणि शेवट फोडू नका. आमची हद्द ठरलेली आहे, पहिल्या तीस पानांत जे घडतं तेवढंच सांगायचं, त्यापुढचं समोरच्याने कितीही गळ घातली तरी नाही. पुस्तक कितीही जुनं असू दे. पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक सुद्धा आज पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला नवीनच असतं.

तुमचं सांगणं जमलं की नाही ते ओळखायचं सोपं आहे. ऐकणारा म्हणाला "मंग काय व्हयनं?" तर जमलं. "अरे वा" म्हणाला तर पुस्तक दुसऱ्या कोणाला तरी द्या.

कोणाला काय

इथे लोक फार चुकतात, कारण ते विचारतात "तू आधी काय वाचलंयस?" आणि समोरच्याने काहीच वाचलेलं नसतं. अशा वेळी विचारा की लहानपणी घरात कोण गोष्टी सांगायचं आणि कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांग म्हणून मागे लागायचास. आमच्यात तळोद्याकडचा एक जण आहे, तो म्हणायचा मला ते जादूबिदू नाही झेपत, मी खरं वाचतो. बोलता बोलता कळलं की त्याने लहानपणी सातपुड्यात आदिवासींची देवी याहा मोगी आणि राजा पांठा यांच्या कथा रात्र रात्र गाताना ऐकल्यात. म्हटलं भाऊ, अरे तू तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त फँटसी ऐकलेला माणूस आहेस. त्याला मी उर्सुला ले ग्विन यांचं अर्थसी मालिकेतलं पहिलं पुस्तक दिलं, १९६८ चं आहे, इंग्रजी आहे पण बारीक आहे, वाक्यं साधी आहेत. त्यात जादू म्हणजे प्रत्येक वस्तूचं खरं नाव माहीत असणं, नाव कळलं की त्या वस्तूवर ताबा आला, म्हणून माणसं आपलं खरं नाव कोणाला सांगत नाहीत. हे त्याला समजावून सांगायची गरजच पडली नाही. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, नाव घेतलं तर येतो म्हणून. नावात ताकद असते हे आपल्या घराघरात माहीत आहे. चार दिवसांत वाचून परत आणलं त्याने, आणि पुढचा भाग मागितला.

तर असं घरातल्या गोष्टीवरून पुस्तकाकडे जायचं. बाकी थोडक्यात सांगते. इतिहास, किल्ले, तलवारी आवडणाऱ्याला नाथमाधवांचं 'वीरधवल' द्या, भाषा जुनी आहे पण गोष्ट पळते. विज्ञान शिकणाऱ्या पोरांना जयंत नारळीकरांच्या कथा द्या, कथा असल्यामुळे एका फेरीत एक होते, अमळनेरला चढून जळगाव यायच्या आत संपते. शाळेतल्या मुलांना हॅरी पॉटर मराठीतून, पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आहे, पहिले तीन भाग बेताचे आहेत आणि चौथ्यापासून एकदम जाड होतात, तोपर्यंत मुलाला सवय झालेली असते. इंग्रजीतून नुकतं वाचायला लागलेल्यांना टॉल्किन यांचं 'द हॉबिट', ते १९३७ साली मुलांसाठीच लिहिलेलं आहे म्हणून चढायला सोपं. आणि ज्याला सगळं माहीत आहे असं वाटतं त्याला काही सुचवू नका, त्यालाच विचारा की सध्या काय वाचतोयस, तो सुचवेल आणि खूश होईल आणि आपल्याला पण काहीतरी नवीन मिळेल.

मालिकांचं आधी सांगा, नंतर भांडणं होतात

फँटसीमध्ये एक पुस्तक सहसा एकटं येत नाही, मागे तीन, पाच, चौदा असे भाऊबंद असतात. म्हणून पुस्तक देताना चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एकूण भाग किती, पूर्ण झालीय का, पहिल्यापासूनच वाचायची का मधून पण चालते, आणि पुढचे भाग आपल्यात कोणाकडे आहेत का.

उदाहरण देते. जॉर्ज मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेचा पहिला भाग १९९६ साली आला, पाचवा २०११ साली, आणि सहावा अजून आलेलाच नाही. हे न सांगता मी एका ताईंना पहिला भाग दिला होता, त्यांनी दिवाळीपासून होळीपर्यंत पाचही वाचून काढले आणि मग मला फोन केला की पुढचा कधी देतेस. त्यांना काय सांगावं मला कळेना, खरंच वाईट वाटलं. आता मी पहिल्याच दिवशी सांगते, मालिका अर्धवट आहे, चालणार असेल तर ने. 'व्हील ऑफ टाइम' चं उलट आहे, चौदा भाग आहेत आणि पूर्ण आहे, पण मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारले आणि शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी लिहून पूर्ण केले, शेवटचा २०१३ साली आला. चौदा जाड पुस्तकं एकट्याने विकत घेणं आपल्यासारख्यांना जमत नाही, आम्ही सहा जणांनी वाटून घेतली, कोणी दोन कोणी तीन, आणि ती अजून फिरताहेत. सँडरसन यांचीच 'मिस्टबॉर्न' ची पहिली तीन पुस्तकं २००६ ते २००८ मध्ये आली आणि तिथे गोष्ट पूर्ण होते, ज्याला "मला पूर्ण झालेलंच हवं" असं वाटतं त्याला ती. आणि टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड' च्या एक्केचाळीस कादंबऱ्या आहेत पण घाबरू नका, पहिल्यापासून सुरू करायची सक्ती नाही, कुठूनही उचलली तरी गोष्ट कळते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तर लेखकाने एकच कादंबरी म्हणून लिहिलेली, छपाईचा खर्च परवडेना म्हणून १९५४-५५ मध्ये ती तीन भागांत निघाली, त्यामुळे पहिला भाग संपला की गोष्ट मध्येच थांबल्यासारखी वाटते. म्हणून तिन्ही भाग हाताशी असतील तेव्हाच सुरू करायला सांगा.

आमचा एक कडक नियम आहे, संचातला मधला भाग सुटा द्यायचा नाही. पहिला वाचून ज्याने वहीत लिहिलं त्यालाच दुसरा. हा नियम आला कारण एका तीन भागांच्या संचातला दुसरा भाग एकाने गाडीत वरच्या फळीवर ठेवला आणि तो तसाच सुरतेकडे निघून गेला. पुस्तक परत मिळालं नाही, सुटा दुसरा भाग दुकानात मिळेना, आणि सहा जण पहिला भाग वाचून हातावर हात ठेवून बसले. ज्याच्याकडून गेला त्याने शेवटी ऑनलाइन शोधून जुनी प्रत आणून दिली, त्याला दोन महिने लागले. तेव्हापासून हरवलं तर काय हे पण ठरवून टाकलं, तेच पुस्तक आणून द्यायचं, नवं नाही मिळालं तर जुनं, तेही नाही मिळालं तर मालकाला हवं असलेलं दुसरं. पैसे हातात द्यायचे नाहीत. पैसे आले की मैत्रीत गाठ बसते.

वही

मोबाइलवर ग्रुप आहेच आमचा, पण खरं काम वही करते. दोनशे पानी, लांब, पुठ्ठ्याची. डाव्या पानावर पुस्तकाचं नाव, कोणाचं, आत्ता कोणाकडे, कधी नेलं. उजव्या पानावर जो वाचतोय त्याने चार ओळी लिहायच्या, वाचतानाच, संपायची वाट न बघता. कितव्या पानावर आहे ते लिहून पुढे जे वाटलं ते. पुढचा माणूस त्याच्याखाली लिहितो. एकाच पुस्तकाखाली सात जणांचं अक्षर असतं, एकाने लिहिलंय "पान ११० ला मी रडले", त्याच्याखाली दुसऱ्याने "मी नाही रडलो पण रात्री झोप लागली नाही". हे ग्रुपवर होत नाही, तिथे शुभ सकाळच्या फुलांखाली सगळं वाहून जातं आणि आठ दिवसांनी शोधून सापडत नाही.

आणि वहीला आमच्या गावात मोठी परंपरा आहे. साने गुरुजी इथे अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढायचे, रोज. छापलेलं काही नाही, हाताने लिहिलेलं, आणि मुलं सकाळी त्याची वाट बघायची. आमची वही नवीन झाली की पहिल्या पानावर मी हे लिहून ठेवते, नवीन येणाऱ्याने वाचावं म्हणून.

पुस्तकावर स्वतःचं नाव आतल्या पानावर पेन्सिलीने लिहा. पेनाने नको, पुढे कधी कोणाला भेट द्यावंसं वाटलं तर खोडता येतं.

फिरवायचं कसं

अपडाऊनवाले असतील तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. रोज ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली माणसं. आमच्यात बुधवार ठरलाय, बुधवारी पुस्तक हलतं. दोंडाईचाहून निघालेलं पुस्तक अमळनेरला खाली येतं, अमळनेरचं धरणगावला जातं. कोणी त्या दिवशी सुट्टीवर असेल तर त्याच्या गावचा कोणीतरी असतोच. मुदत तीन आठवडे, जाड पुस्तकाला सहा. मुदत संपली तर विचारायचं पण टोमणा मारायचा नाही, फक्त "कितव्या पानावर आलात?" एवढंच. यात सगळं येतं.

ज्यांच्याकडे गाडीची सोय नाही त्यांनी तालुक्याच्या गावी आठवडे बाजाराचा दिवस धरा. बाजाराला सगळे येतातच, एका ओळखीच्या दुकानात पिशवी ठेवून द्यायची, आपापलं घ्यायचं आपापलं ठेवायचं. चोपड्याकडे दोन-तीन जणींनी असंच केलंय, शिवणकामाच्या दुकानात पिशवी असते.

उन्हाळ्याचं नीट ऐका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि गाडीच्या डिकीत किंवा खिडकीशी ठेवलेल्या पुस्तकाचा गोंद सुटतो, चिकटवलेल्या बांधणीची पानं हातात येतात. दोन पुस्तकं माझी अशीच गेली. उन्हाळ्यात पुस्तक जेवणाच्या डब्याच्या पिशवीत नको आणि डिकीत तर नकोच, सुती कापडात गुंडाळून खांद्याच्या बॅगेत. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी, पण घरी गेल्या गेल्या बाहेर काढायचं, नाहीतर दमट वास लागतो तो जात नाही.

भरीत आणि झाकलेली पुस्तकं

महिन्यातून एकदा भेटतो, आणि वर्षातली सगळ्यात मोठी भेट हिवाळ्यात. हिवाळ्यात भरिताची वांगी आली की कोणाच्या तरी मळ्यात जायचं, वांगी काड्यांवर भाजायची, भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकर, आणि जेवण झालं की सतरंजीवर पुस्तकं. ही भेट नवीन लोकांना आणायला सगळ्यात चांगली, कारण भरिताला नाही कोणी म्हणत नाही, आणि आलेला माणूस पुस्तक घेऊनच जातो.

तिथे आम्ही एक खेळ खेळतो. प्रत्येकाने एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं, वर नाव नाही, लेखक नाही, फक्त तीन ओळी स्वतःच्या शब्दात. लोक तीन ओळी वाचून उचलतात. याची कल्पना सरांनी दिली, ते नारळीकरांची हकीकत सांगत होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती, नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ, आपल्या नावाकडे बघून परीक्षकांनी निकाल देऊ नये म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. सर म्हणाले मग आपण पण नाव झाकूनच देऊ की. आणि खरंच फरक पडतो. "मी रहस्यकथा वाचत नाही" म्हणणाऱ्या काकूंनी तीन ओळींवरून उचललेलं पुस्तक रहस्यकथेचं निघालं, आणि आता त्याच आम्हाला नवीन शोधून देतात. फक्त तीन ओळी प्रामाणिक लिहा, पुस्तकात नाही ते लिहू नका.

आमचा ग्रुप एकदम वाढला तो मात्र संमेलनामुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झालं, १९५२ नंतर पुन्हा आपल्याकडे. पुस्तकांच्या स्टॉलपाशी आम्ही तिघं-चौघं उभे होतो आणि जो कोणी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट करत होता त्याला विचारत होतो, सध्या काय वाचताय. त्या तीन दिवसांत सात जण मिळाले. तुमच्या गावात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की हेच करा.

जे वाचत नाहीत ते पण

माझ्या सासूबाई दुसरीपर्यंत शिकल्यात, वाचायला जमत नाही, पण आमच्या वहीत त्यांचं नाव आहे. रात्री भाकरी करताना मी त्या दिवशी वाचलेलं त्यांना सांगते, अहिराणीत, आणि त्यांच्या नावापुढे मी त्या जे बोलतात ते लिहिते. राजाचा दगाबाज भाऊ कोण ते त्या माझ्या आधी ओळखतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आसोद्याची लेक, शेतात आणि जात्यावर गायल्या, मुलाने सोपानदेवांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ते कागदावर उतरवलं म्हणून राहिलं, त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. ज्या मुलखात हे झालं तिथे "वाचता येत नाही" म्हणून कोणाला गोष्टींच्या बाहेर ठेवू नये असं मला फार मनापासून वाटतं. घरात आजी असेल, आजोबांची नजर गेली असेल, तर रोज दहा मिनिटं सांगा. इंग्रजी पुस्तक असेल तरी आपल्या बोलीत सांगा, ड्रॅगन म्हणजे काय ते सांगायला फार तर एक वाक्य जास्त लागतं. आणि तुमचा पण फायदा आहे, अहिराणीत सांगता आलं म्हणजे गोष्ट तुम्हाला खरंच कळली. ज्यांना कानाने ऐकायला आवडतं त्यांना स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं आहेत, डोळ्यांचा त्रास असलेल्या सरांना त्याचा फार आधार झालाय.

अजून थोडं

पीडीएफ फिरवू नका. ग्रुपवर रोज कोणीतरी टाकतो, आम्ही काढून टाकायला सांगतो. मराठीत फँटसी लिहिणारे मोजके, त्यांचं पुस्तक खपलं नाही तर प्रकाशक दुसरं काढत नाही. एक प्रत विकत घेऊन बावीस जणांनी वाचली तर ते चालतं, आणि त्यातले चार-पाच जण नंतर स्वतःची प्रत घेतातच.

वाचनालयाचं सभासद व्हा, जळगावला व. वा. वाचनालय आहे, प्रत्येक तालुक्याला एक तरी आहेच. हवं ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांना लिहून द्या, एकट्याने दिलं तर एकच चिठ्ठी होते, आठ जणांनी तेच नाव दिलं तर खरेदीच्या वेळी लक्षात राहतं. आमच्याकडे दोन मालिका अशाच आल्या. रद्दीच्या दुकानात पण चक्कर मारत जा, दिवाळी अंक आणि जुन्या कथांची पुस्तकं किलोवर मिळतात.

आणि अर्धवट सोडलं तर लाजायचं नाही. वहीत लिहायचं, पान ६४ ला सोडलं, अमुक कारणाने. हे पुढच्याला फार उपयोगी पडतं. एकाने लिहिलं होतं "फार वर्णन, झाडांचीच चार पानं", ते वाचून सातपुड्यात फॉरेस्टमध्ये नोकरी करणाऱ्या एकाने तेच पुस्तक मागून घेतलं आणि दोन रात्रीत संपवलं.

माझं सध्याचं सांगते, नाहीतर हे सगळं सांगून मीच गप्प बसले असं व्हायचं. मी अर्थसीच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, पान ४१. पाच वर्षांची एक पोर आहे, तिला आईबापाच्या घरून उचलून वाळवंटातल्या एका देवस्थानात नेलंय, तिचं नाव काढून घेतलंय, आणि तिला सांगितलंय की तू म्हणजे मागच्या जन्मीची इथली मुख्य पुजारीण आहेस, जमिनीखालचे सगळे बोळ तुझे. एका जागी मात्र दिवा न्यायला मनाई, म्हणून ती तिथे अंधारात भिंतीला हात लावून लावून वाट पाठ करते. आत जड गेलं नाही, पण ज्यांना लढाया पाहिजेत त्यांनी नेऊ नये. काल रात्री इथपर्यंत सासूबाईंना सांगितलं, तवा उतरवून त्या तशाच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग काय व्हयनं?" म्हटलं उद्या सांगते, मलाच अजून माहीत नाही. पुढच्या बुधवारी ते धरणगावला द्यायचंय, त्यानंतर नंबर मोकळा आहे.